हत्ती गेला कुठे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. कारण मामा.

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. मामांना आता पंच्याहत्तरावं लागलंय. गुडघे कुरकुरतात, पण आवाज अजून सभेतलाच आहे. मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी झाली, पावसापाण्याचं झालं आणि मग मामा एकदम म्हणाले, "तू मुलांना राज्यशास्त्र शिकवतेस ना? मग सांग बरं, आपल्या देशाचा कारभारी आपण थेट का निवडत नाही? ते आमदार-खासदार मधे कशाला हवेत?"

मी म्हटलं, "मामा, भाकरी तव्यावर आहे. पाच मिनिटांत करते फोन." पाच मिनिटांनी केला, तो पाऊण तास चालला. शेवटी मामा म्हणाले, "तुम्हा पुस्तकवाल्यांना जमिनीवरचं काही कळत नाही." मी पण काहीतरी बोलले (ते इथे लिहीत नाही, आई हे पान वाचते) आणि फोन बंद झाला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर मला मुद्दे सुचत नाहीत, भांडण संपल्यावर भांडी घासताना सुचतात. म्हणून हे लिहितेय. मामांचा नातू त्यांना फोनवर अक्षरं मोठी करून देईलच.

आधी मामांची बाजू नीट मांडते, नाहीतर ते म्हणतील माझं म्हणणं मोडतोड करून छापलं.

मामांचं म्हणणं असं. आपण मत देतो एकाला आणि राज्य करतो दुसराच. २०१९ च्या नोव्हेंबरात सकाळी उठून टीव्ही लावला तर शपथविधी होऊन गेलेला. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. निवडून दिलेली माणसं हॉटेलात आणि विमानात. तर हे सगळं बंद करायचं असेल तर एकच उपाय: वरचा माणूस लोकांनी थेट निवडावा, पाच वर्षं त्याला कुणी हलवू नये. आमदार कितीही फुटले तरी फरक पडणार नाही. पक्षफोडीचा धंदाच बसेल. पक्ष आपोआप सरळ होतील. मामा पुढे असंही म्हणाले की ही काही त्यांच्या एकट्याची कल्पना नाही, वसंतराव साठ्यांसारखा माणूस वर्षानुवर्षं अध्यक्षीय पद्धत मागत होता. तेही खरंच आहे.

चीड खरी आहे. मलाही तीच चीड येते. फक्त औषध चुकलंय असं माझं म्हणणं आहे. नुसतं चुकलेलं नाही, रोग वाढवणारं आहे. पक्षफोडीला कंटाळून थेट राष्ट्राध्यक्ष मागणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून छप्परच काढून टाकणं.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या शेजारी, रामेश्वरच्या पलीकडे, एका देशानं हे करून पाहिलंय. जवळजवळ पन्नास वर्षं करून पाहिलंय. तिथल्या एका हत्तीची गोष्ट सांगते.

श्रीलंकेत दोन मोठे पक्ष होते. युनायटेड नॅशनल पार्टी, म्हणजे यूएनपी, १९४६ ची. तिचं चिन्ह हत्ती. आणि श्रीलंका फ्रीडम पार्टी, १९५१ ची, बंडारनायकेंनी काढलेली. देश संसदीय पद्धतीनं चालायचा, आपल्यासारखाच. १९५६ पासून १९७७ पर्यंत दर निवडणुकीत सत्तेवरचा पक्ष हरला आणि दुसरा आला. एकदा हे, एकदा ते. यातली सगळी सरकारं चांगली होती असं अजिबात नाही. सिंहलीच राजभाषा करण्याचा १९५६ चा कायदा याच काळातला, आणि त्याची फळं तो देश पुढे कितीतरी वर्षं भोगत होता. पण पक्ष होते. गावोगावी शाखा होत्या, घरोघरी "आम्ही हत्तीवाले" म्हणणारी माणसं होती.

१९७७ मध्ये यूएनपीला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. तिचे नेते जे. आर. जयवर्धने. त्यांना वाटलं की संसदीय पद्धतीत फार अस्थिरता आहे, देश पुढे न्यायचा तर वर एक पक्का माणूस हवा, ज्याला संसदेच्या लहरीवर नाचावं लागणार नाही. (मामा, ओळखीचं वाटतंय ना?) घटनादुरुस्ती करून १९७८ च्या फेब्रुवारीत ते स्वतःच कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले, मग त्याच वर्षी नवी राज्यघटना आली आणि १९८२ मध्ये पहिली थेट निवडणूक झाली. विरोधी पक्षाच्या सिरिमाओ बंडारनायके यांचे नागरी हक्क आधीच १९८० मध्ये काढून घेतलेले होते, त्यामुळे त्या उभ्याच राहू शकल्या नाहीत. जयवर्धने निवडून आले.

आता पुढचं नीट वाचा. अध्यक्ष निवडून आल्यावर संसदेची निवडणूक घ्यायची, तर ती घेतलीच नाही. सार्वमत घेऊन जुन्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवली. आणि त्याच सुमारास जयवर्धन्यांनी आपल्याच पक्षाच्या खासदारांकडून राजीनामे लिहून घेतले. सही आहे, तारीख नाही. तारीख साहेब घालतील, त्यांना वाटेल तेव्हा.

स्वतःच्या पक्षाच्या खासदारांचे बिनतारखेचे राजीनामे! म्हणजे पक्षफोडी बंद झाली बरं का. एकही खासदार फुटला नसता. पण जो पक्ष टेबलाच्या खणात मावतो त्याला पक्ष म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे.

संसदीय पद्धतीत पंतप्रधानाला रोज पक्षाची गरज असते. पक्ष रुसला तर खुर्ची जाते. १९९० मध्ये इंग्लंडात मार्गारेट थॅचरबाईंना लोकांनी नाही, त्यांच्याच पक्षानं घरी पाठवलं. तीन निवडणुका जिंकलेल्या बाई! थेट निवडलेल्या अध्यक्षाचं तसं नाही. तो म्हणतो, मला लोकांनी निवडलंय, तुम्ही कोण? आणि कायद्यानं त्याचं बरोबरच असतं. पक्ष त्याला पायउतार करू शकत नाही. मग हळूहळू पक्षाला त्याच्यासमोर काही म्हणायचंच उरत नाही.

हा एक भाग झाला. दुसरा भाग याहून वाईट आहे, आणि तिथेच हत्ती हरवतो.

श्रीलंकेत अध्यक्ष व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पूर्ण देश एकच मतदारसंघ. अशा निवडणुकीत पक्षाचा जुना, घासून-पुसून तयार झालेला नेता चालेलच असं नाही. पक्षाबाहेरच्यालाही आवडेल असा चेहरा लागतो. मग पक्ष चेहरा शोधायला बाहेर पडतो.

२०१० मध्ये यूएनपीनं आपला उमेदवारच दिला नाही. पाठिंबा दिला सरत फोन्सेका यांना. हे कोण? नुकतेच निवृत्त झालेले लष्करप्रमुख. चिन्ह हंस. हरले.

२०१५ मध्ये यूएनपीनं पुन्हा आपला उमेदवार दिला नाही. पाठिंबा दिला मैत्रीपाल सिरिसेना यांना. हे कोण? समोरच्या पक्षाचे सरचिटणीस! फ्रीडम पार्टीचे सरचिटणीस आणि मंत्री असलेले सिरिसेना बाहेर पडले, यूएनपीच्या मतांवर आपल्याच पक्षाच्या महिंद राजपक्षांना हरवून अध्यक्ष झाले, आणि लगेच त्याच फ्रीडम पार्टीचे प्रमुखही झाले. चिन्ह पुन्हा हंस. म्हणजे हत्तीवाल्यांनी मतं द्यायची हंसाला, आणि हंस जाऊन बसायचा समोरच्या घरात. पावणेचार वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, याच सिरिसेनांनी यूएनपीचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना काढून त्या जागी चक्क राजपक्षांना बसवलं. संसदही बरखास्त केली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं बरखास्ती घटनाबाह्य ठरवली आणि डिसेंबरात रनिल परत आले.

२०१९ मध्ये यूएनपीचेच सजित प्रेमदासा उभे राहिले, पण पुन्हा हंसावर. फ्रीडम पार्टीनं तर उमेदवारच दिला नाही. जिंकले गोटाबया राजपक्ष. कधीही कुठलीही निवडणूक न लढलेला माणूस, माजी लष्करी अधिकारी आणि संरक्षण सचिव. त्यांचा पक्ष, पोदुजन पेरमुना, २०१६ चा. तीन वर्षांचं बाळ. आणि इकडे प्रेमदासा आणि विक्रमसिंघे यांच्यात उमेदवारीवरून आणि नेतृत्वावरून जे भांडण पेटलं, त्यात यूएनपी उभी फुटली.

२०२४ मध्ये रनिल स्वतः उभे राहिले. अपक्ष म्हणून. चिन्ह गॅसचा सिलिंडर.

म्हणजे हिशोब असा: देशातल्या सगळ्यात जुन्या मोठ्या पक्षाचा हत्ती २००५ नंतर अध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर दिसलेलाच नाही. एखाद्या आजीनं आयुष्यभर हत्तीवर फुली मारली असेल, तर देशातल्या सगळ्यात मोठ्या निवडणुकीत ती गेली वीस वर्षं हत्ती शोधतेय. तो हत्ती कुठल्या शत्रूनं मारला नाही. अध्यक्षपद जिंकायच्या नादात घरच्यांनीच बाहेर सोडून दिला.

आता जागांचे आकडे. कंटाळा करू नका, थोडेच आहेत. २२५ ची संसद.

यूएनपीची आघाडी: २०१५ मध्ये १०६ जागा. २०२० मध्ये यूएनपी: १.
पोदुजन पेरमुना: २०२० मध्ये १४५. २०२४ मध्ये ३.
अनुरा दिसानायके यांची एनपीपी: २०२० मध्ये ३. २०२४ मध्ये १५९.

आणि मधे एक गंमत. जुलै २०२२ मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरले, गोटाबया देश सोडून पळाले आणि राजीनामा दिला. तेव्हा उरलेल्या मुदतीसाठी संसदेनं अध्यक्ष निवडला. कुणाला? रनिल विक्रमसिंघेंना. संसदेतल्या यूएनपीच्या एकुलत्या एक खासदाराला. १३४ मतं पडली. ती मुख्यतः राजपक्षांच्या खासदारांची. मामा, आपल्याकडच्या शपथविधीवर चिडता ना? हे वाचून पाणी प्या.

इथे मामा म्हणतील (ऐकू येतंय मला), "अगं, पण तिथे पेट्रोल नव्हतं, गॅस नव्हता, औषधं नव्हती. देश दिवाळखोरीत गेला. पक्ष आपटणारच! त्यात अध्यक्षपदाचा काय संबंध?"

बरोबर आहे. लोक रागावले ते टंचाईमुळे, आणि सरकार पडणं योग्यच होतं. पण सरकार पडणं वेगळं आणि पक्ष नाहीसा होणं वेगळं. १९७७ बघा. तेव्हाही फ्रीडम पार्टीचा पार धुव्वा उडाला होता, १६८ पैकी फक्त ८ जागा. पण मतं? तीसेक टक्के. जागा गेल्या त्या आपल्यासारख्याच मतदारसंघांच्या पद्धतीमुळे. पक्षाचा माणूस पक्षापाशीच होता, म्हणून तो पक्ष पुढे परत सत्तेवर येऊ शकला. आता मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. म्हणजे जागा गेल्या याचा अर्थ मतंच गेली. पोदुजन पेरमुनाची मतं ५९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. हा पराभव नाही, हे बाष्पीभवन आहे. कारण तिथे पक्ष नव्हताच, एक कुटुंब होतं. कुटुंबावरचा विश्वास उडाला आणि खाली धरायला काही नव्हतं.

यात निवडणुकांच्या क्रमाचाही हात आहे. तिथे आधी अध्यक्षाची निवडणूक होते आणि काही महिन्यांत संसदेची. २०१० ला तसंच, २०१५ ला तसंच, २०१९-२० ला तसंच. २०२४ ला तर सप्टेंबरात अध्यक्ष आणि नोव्हेंबरात संसद. नवा अध्यक्ष अजून हारतुऱ्यात असतो तेव्हाच लोक त्याच्या माणसांना मतं देऊन टाकतात. संसद म्हणजे वरातीतली माणसं. नवरदेव बदलला की वऱ्हाडही बदलतं.

एनपीपीबद्दल मात्र एक कबूल करते, कारण ते माझ्या विरोधात जातं असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. एनपीपीच्या पोटात जेव्हीपी नावाचा १९६५ चा पक्का पक्ष आहे. (त्याचा १९७१ चा आणि १९८७-८९ चा सशस्त्र उठाव, त्यातलं रक्त, हे सगळं विसरून चालणार नाही.) दिसानायके यांना २०१९ मध्ये ३ टक्के मतं होती, तरी पक्ष टिकला, आणि पाच वर्षांनी ते अध्यक्ष झाले. म्हणजे थेट निवडणुकीत संघटनेचा पक्ष जिंकूच शकत नाही असं नाही. मी तर म्हणेन की सगळे चेहऱ्यांमागे धावत असताना जो एक पक्ष शाखा सांभाळत बसला तोच शेवटी उभा राहिला. पण आता त्याचीही परीक्षा आहे. १५९ पैकी किती जण पक्षामुळे निवडून आले आणि किती वरातीमुळे, हे पुढच्या निवडणुकीत कळेल.

आणखी एक. हे पद रद्द करतो असं वचन चंद्रिका कुमारतुंगांनी १९९४ मध्ये दिलं होतं. राजपक्षांनी दिलं होतं. सिरिसेनांनी दिलं होतं. दिसानायके यांच्या पक्षानंही दिलं. मधल्या काळात घटनादुरुस्त्या करून अधिकार कधी कमी झाले, कधी परत वाढले. खुर्ची तिथेच आहे. रद्द करतो म्हणणारा प्रत्येक जण तिच्यावर बसला की त्याला ती मऊ लागते. म्हणून मामा, अशी खुर्ची आणण्याआधी दहादा विचार करायचा असतो.

बरं, श्रीलंका एकच उदाहरण झालं, असं कुणी म्हणेल. अजून एक छोटंसं सांगते, कारण ते अगदी प्रयोगशाळेतल्यासारखं आहे.

इस्रायलमध्येही मामांसारखीच तक्रार होती. छोटे पक्ष सरकारला वेठीला धरतात. म्हणून १९९२ मध्ये त्यांनी कायदा केला की पंतप्रधान लोकांनी थेट निवडायचा. मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या: एक पंतप्रधानासाठी, एक पक्षासाठी. वाटलं होतं मोठे पक्ष बळकट होतील. झालं उलटं. लोकांनी विचार केला की पंतप्रधान तर मी निवडलाच, आता दुसरी चिठ्ठी आपल्या मनाच्या, आपल्या जातकुळीच्या पक्षाला देऊ. १९९२ मध्ये लेबर आणि लिकुड या दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १२० पैकी ७६ जागा होत्या. नव्या पद्धतीच्या दुसऱ्याच निवडणुकीत, १९९९ मध्ये, लेबरच्या आघाडीच्या आणि लिकुडच्या मिळून ४५. शास नावाचा धार्मिक पक्ष ६ वरून १७ वर. २००१ मध्ये आरियल शेरॉन ६२ टक्क्यांनी निवडून आले तेव्हा संसदेत त्यांच्या पक्षाच्या जागा होत्या १९. एवढा लोकप्रिय पंतप्रधान आणि हात धरायला १९ माणसं! त्याच वर्षी इस्रायलनं कायदा गुंडाळून ठेवला. २००३ मध्ये जुन्या पद्धतीनं निवडणूक झाली. लिकुड सावरला, पण लेबर सावरला नाही. मोडलेलं सगळं जुळतंच असं नाही.

देश वेगळे, भांडणं वेगळी. पण गाठ तीच. माणूस निवडण्याची चिठ्ठी पक्षाच्या चिठ्ठीपासून सुटी केली की पक्ष सुटा होतो.

आता अमेरिका. ती आल्याशिवाय आमच्या घरात कुठलाच वाद संपत नाही, कारण आत्येभाऊ तिथे राहतो आणि तोही हे वाचतो. "अमेरिकेत दोनशे वर्षं राष्ट्राध्यक्ष आहे आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ तेच दोन पक्ष आहेत, त्याचं काय?"

पहिली गोष्ट, तिथे निवड सरळ देशभरच्या मतमोजणीनं होत नाही, राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी करतात. २००० मध्ये आणि २०१६ मध्ये जास्त मतं मिळालेला उमेदवार हरला. दुसरी, संसदेचं एक सभागृह पूर्ण आणि दुसऱ्याचा तिसरा भाग त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर निवडला जातो. घानामध्येही १९९६ पासून अध्यक्ष आणि संसद एकाच दिवशी निवडतात, आणि तिथेही दोन पक्ष घट्ट उभे आहेत. २०२० मध्ये दोघांना १३७-१३७ जागा आणि एक अपक्ष! म्हणजे थेट अध्यक्ष आला की पक्ष मेलेच, असं मी म्हणत नाही. पण ते टिकतात ते इतर टेकू असतात म्हणून. अध्यक्षपद त्यांना टिकवत नाही. आणि अमेरिकेतही २०१६ मध्ये आपण पाहिलं की पक्षाच्या बहुतेक बड्या नेत्यांना नको असलेला, कधी कुठलं पद न भूषवलेला माणूस प्राथमिक निवडणुकांतून उमेदवार होऊ शकतो. पक्षाचं नाव तेच राहिलं. पक्ष तोच राहिला का, हे आत्येभावानं सांगावं. तिथला बर्फ उपसून झाला की :)

राहिला महाराष्ट्र. मामा म्हणतील, आपल्याकडे तर संसदीय पद्धत आहे, तरी पक्ष फुटलेच ना? फुटले. ते मी नाकारत नाही. पण नीट बघा, फोडाफोडी करणाऱ्यांना का करावी लागली? कारण आपल्याकडे सत्तेचा रस्ता अजून पक्षातून जातो. आमदार लागतात, चिन्ह लागतं, नाव लागतं. दोन्ही वेळा भांडण निवडणूक आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते धनुष्यबाणासाठी आणि घड्याळासाठी. ज्या वस्तूला किंमत आहे तिच्यासाठीच माणसं कोर्टात जातात. श्रीलंकेत अध्यक्षपदासाठी हत्ती लागेनासा झाला, तेव्हा लोक सरळ हंस घेऊन पुढे गेले.

डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मसुदा मांडताना हा प्रश्न सरळ मांडला होता: स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारखी मिळत नाहीत, आणि आम्ही जबाबदारीला जास्त वजन दिलंय. मामांना स्थैर्य हवंय. पण अध्यक्ष पाच वर्षं हलला नाही म्हणजे स्थैर्य आलं, असं मला वाटत नाही. त्याच्या खालची जमीन दर पाच वर्षांनी बदलत असेल तर त्याला मी स्थैर्य कसं म्हणू?

इथपर्यंत पुस्तकवाल्या बाईचं झालं. आता जमिनीवरचं. हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. मामीला फोन केला. ती म्हणाली, "लिही. त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं."

मामा, तुमचं तिकीट कशानं कापलं गेलं?

वाचणाऱ्यांसाठी सांगते. मामा एका छोट्या गावात एका पक्षाचं काम करतात. पक्षाचं नाव महत्त्वाचं नाही. सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केली. तीनदा नगरसेवक झाले. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम मतदारयाद्या असायच्या. कुठल्या गल्लीत कुणाकडे म्हातारं माणूस आहे, कुणाला रिक्षा पाठवायची, सगळं तोंडपाठ. दिवाळीला आम्ही गेलो की मामा घरी नसायचेच. मामी म्हणायची, "तुझ्या मामाचं पहिलं लग्न पक्षाशी झालंय."

२०१६ मध्ये सरकारनं नगराध्यक्षाची थेट निवडणूक पुन्हा आणली. (पुढच्या सरकारनं ती काढली, २०२२ मध्ये त्याच्या पुढच्या सरकारनं परत आणली. २०२५ च्या डिसेंबरातही तशीच झाली.) त्या वर्षी मामांच्या गावात अध्यक्षपद खुल्या गटाला सुटलं होतं. जुनी पद्धत असती तर नगरसेवकांनी नगराध्यक्ष निवडला असता, आणि नगरसेवकांमध्ये मामांचा शब्द चालायचा. सगळ्यांना वाटत होतं, या वेळी मामा. मामीनं तर साडी घेऊन ठेवली होती.

पण थेट निवडणूक आली. गावभर फिरायचं, पूर्ण गावाचा खर्च करायचा, आणि दुसऱ्या पक्षाचीही मतं ओढणारा चेहरा हवा. वरून सांगण्यात आलं, "तुम्ही आमचेच आहात, पण या वेळी चालणारा माणूस बघू." चालणारा माणूस म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी पक्षात आलेला एक बांधकाम व्यावसायिक. एबी फॉर्म त्याला गेला. मामांनी अपक्ष अर्ज भरला नाही. उलट त्याच्यासाठी याद्या घेऊन दारोदार फिरले. पासष्टाव्या वर्षी. तो निवडूनही आला. लोकांनी एक मत त्याला दिलं आणि दुसरं आपापल्या वॉर्डातल्या ओळखीच्याला. त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. पाच वर्षं सभा तहकूब, विषयपत्रिकेवरून मारामाऱ्या, आणि पाणीयोजना होती तिथेच. नव्या अध्यक्षानं बसस्टँडसमोर स्वतःचं संपर्क कार्यालय थाटलं. पक्षाच्या जुन्या कार्यालयाचं भाडं कुणी भरायचं यावर चर्चा झाली, आणि ते बंद झालं. आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

मामांनी पक्ष बदलला नाही. फक्त जायचं बंद केलं. जायला जागाच नव्हती.

मामा, तुमच्याबरोबर जे झालं ते एका माणसाच्या वाईटपणामुळे झालं असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. पद्धतीनं पक्षाला सांगितलं की तुला आता याद्या सांभाळणारा माणूस नको, चेहरा हवा. पक्षानं ऐकलं. यूएनपीनं ऐकलं तसंच. गाव लहान, देश मोठा, एवढाच फरक. आणि जी गोष्ट एका नगरपालिकेत झाली तिनं तुमचं चाळीस वर्षांचं काम एका पावसाळ्यात पुसलं. तीच तुम्ही आता दिल्लीसाठी मागताय.

पक्ष वाईट असतात, भ्रष्ट असतात, घराण्यांच्या खिशात असतात, हे सगळं मान्य. ते सुधारायचे तर पक्षातल्या निवडणुका खऱ्या होऊ देत, पैशाचा हिशोब उघडा होऊ दे, फुटणाऱ्याला पुन्हा लोकांसमोर जायला लावा. कंटाळवाणं काम आहे. याद्या करण्यासारखं. पण तुमच्यासारख्या माणसाला जिथे जागा मिळते ती एकच जागा पक्ष आहे. थेट निवडणुकीत तुम्हाला जागा नाही, मामा. तिथे फक्त टाळ्या वाजवायला आहे.

असो. खूप लांबलं. रविवारी आम्ही येतोय. मामीनं थालीपीठ कबूल केलंय. भांडायचं असेल तर समोरासमोर भांडू, या वेळी भाकरी तव्यावर नसेल. आणि त्या स्कूटरच्या डिकीत जुन्या याद्या अजून असतील तर काढून ठेवा. एकदा बघायच्या आहेत मला.